नागपूरहून कोलकाता डर्बीला जायचंय? मग आधी मासा ठरवा

दर पावसाळ्यात कोणीतरी पोट्टं विचारतंच, भाऊ ते मोहन बागान-ईस्ट बंगाल, म्हणजे कोलकात्याच्या दोन फुटबॉल क्लबांची आपसातली मॅच, डर्बी, पाहायला जायचंय, कसं करू. प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी काही फुटबॉलचा पंडित नाही, कामठीच्या ग्राउंडवर लाईनीपाशी उभं राहून मॅचेस पाहिलेला माणूस आहे, पण डर्बीची वारी केलेली आहे आणि करायच्या त्या चुका स्वतः करून झाल्या आहेत.

पहिलं काम तिकीट नाही, पहिलं काम साईड ठरवणं. "आपण बाप्पा दोन्हीकडचे" हे तिथं चालत नाही. तिकडच्या पोराला साईड जन्मतःच मिळते, घर मूळचं पश्चिम बंगालचं असलं तर घोटी म्हणजे मोहन बागान, आजोबा पद्मा नदीच्या पलीकडून, आजच्या बांगलादेशातून आलेले असले तर बांगाल म्हणजे ईस्ट बंगाल. घोटींचा झिंगा (चिंगरी म्हणतात), बांगालांचा हिलसा म्हणजे इलिश, आणि जो जिंकेल त्याचा मासा त्या घरी शिजतो. मोहन बागान १८८९ चा क्लब, ईस्ट बंगाल १९२० चा, आणि तो निघाला तोच भांडणातून. जोडाबागान नावाच्या क्लबनं मोहन बागानविरुद्धच्या मॅचला शैलेश बोस या प्लेअरला बाहेर बसवलं, क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधरी चिडून बाहेर पडले आणि चार दिवसात, १ ऑगस्टला, नवा क्लब उभा. पुढं फाळणीनंतर घरदार सोडून आलेल्या लोकांना कोलकात्यात आपलं म्हणायला जे काही थोडं होतं त्यात हा क्लब होता, म्हणून ते प्रकरण एवढं खोल गेलेलं आहे.

आता आपण नागपूरवाल्यांनी साईड कशी ठरवायची? माझा नियम सोपा, ज्याच्या घरी जेवाल त्याची. आपल्या धंतोलीत बंगाली घरं काही कमी नाहीत, कोणाचे ना कोणाचे नातेवाईक तिकडं असतातच. माझा शाळेतला मित्र तिथलाच, त्याचे काका दमदमला राहतात, त्यांच्याकडं उतरलो. पोचल्या पोचल्या त्यांच्या नव्वदीच्या आजोबांनी विचारलं, तुमचं घर नदीच्या या बाजूला की त्या बाजूला? मी म्हटलं आजोबा, आमची नदी म्हणजे नाग नदी, दोन्ही बाजूला सारखाच वास येतो. मित्रानं बंगालीत सांगितल्यावर म्हातारा एवढा हसला की काकीमा पाणी घेऊन धावत आल्या.

गाडीचं सांगतो. गीतांजली, हावडा मेल, आझाद हिंद, सगळ्या नागपूरवरून जातात, अकराशे किलोमीटरच्या वरचा प्रवास आहे, साधारण अठरा-वीस तास धरा आणि वर लेट होण्याचे वेगळे. म्हणून मॅचच्या आदल्या दिवशी पोचा, मॅचच्या दिवशी हावड्याला उतरून थेट स्टेडियम हा शहाणपणा करू नका. (हा मार्गच मुळात बंगाल नागपूर रेल्वेचा, मोतीबागेतलं नॅरोगेज म्युझियम पाहिलं असेल तर नाव माहीत असेल, त्या बीएनआरची स्वतःची टीम कोलकाता लीग खेळायची, म्हणजे आपलं नाव तिथल्या फुटबॉलमध्ये आपल्याआधी पोचलेलं आहे.)

आणि फिक्स्चर आलं म्हणून हुरळून सगळं बुक करू नका. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडते तेव्हा काढून ठेवा, पण हॉटेल कॅन्सल होणारंच घ्या. काहून म्हणाल तर २०२४ च्या ऑगस्टमध्ये ड्युरँड कप या फुटबॉल स्पर्धेची डर्बीच रद्द झाली, आर.जी. कर हॉस्पिटलातल्या डॉक्टर तरुणीच्या बलात्कार-खून प्रकरणामुळे शहर पेटलेलं होतं, आणि त्या दिवशी दोन्ही क्लबचे लोक खांद्याला खांदा लावून स्टेडियमबाहेर निषेधाला उभे होते. मग जानेवारी २०२५ ची आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीगची डर्बी, गंगासागर मेळ्यामुळे पोलीस बंदोबस्त मिळेना म्हणून गुवाहाटीला हलवली. हातात हावड्याचं तिकीट आणि मॅच आसामात, बसा मग.

मॅचचं तिकीट क्रिकेटच्या मानानं स्वस्त असते. ऑनलाईन काढलं तरी मोबाईल दाखवून आत जाऊ असं गृहीत धरू नका, बऱ्याचदा काउंटरवर जाऊन कागदी तिकीट घ्यावं लागते आणि तिथं ही मोठी लाईन. घेताना गॅलरी कोणाची आहे ते दोनदा पाहा. ही मस्करी नाही. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर डर्बीत मारामारी झाली, चेंगराचेंगरीत १६ जण गेले. म्हणून गेट चुकलं तर पोलिसाला विचारा, गर्दीच्या मागं जाऊ नका.

स्टेडियम म्हणजे सॉल्ट लेकचं युवा भारती. आम्ही गेलो तेव्हा त्या बाजूची मेट्रो शियालदापासूनच होती, आता हावडा स्टेशनवरूनच ग्रीन लाईन पकडायची, हुगळीच्या खालून जाते, आणि सॉल्ट लेक स्टेडियम याच नावाच्या स्टेशनवर उतरायचं. पाण्याची बाटली, पॉवर बँक घरी ठेवा, गेटवर काढून घेतात.

कपडे! माझी सगळ्यात मोठी चूक. मोहन बागान हिरवा-मरून, ईस्ट बंगाल लाल-पिवळा, हे पाठ करून गेलो आणि बॅगेत घातला एकुलता एक चांगला शर्ट, तो गर्द हिरवा. दारातून निघताना काकीमांनी दंडाला धरून मागं ओढलं, कपाटातून काकांची जुनी ईस्ट बंगालची जर्सी काढली, डांबरगोळ्यांचा वास, लाल रंगाचा झालेला विटकरी, लांबी माझ्या मांडीपर्यंत. तीच घालून गेलो, आणि मेट्रोत तीन अनोळखी लोकांनी पाठ थोपटली.

जाण्याआधी दोन-चार आकडे पाठ ठेवा, बाजूवाला विचारतोच. ईस्ट बंगालकडं बसलात तर १९७५ च्या आयएफए शील्ड या स्पर्धेच्या फायनलचे ५-०, आजही पाच बोटं दाखवतात. मोहन बागानकडं बसलात तर १९११ ची शील्ड फायनल, अनवाणी खेळून (एक जण सोडून) ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवलं होतं. आणि दोन्हीकडं चालणारा विषय म्हणजे १३ जुलै १९९७, फेडरेशन कपची सेमी, सव्वा लाखाच्या वर माणूस, मोहन बागानचे कोच अमल दत्त यांच्या डायमंड सिस्टिमचा (प्लेअर हिऱ्याच्या आकारात उभे करायची पद्धत) गाजावाजा, आणि ईस्ट बंगालच्या भायचुंग भुतियानं हॅटट्रिक मारून ४-१ नं जिंकवली. मोहन बागानवाल्यासमोर मात्र हा विषय त्यानं काढला तरच काढा.

आमची मॅच १२ ऑगस्ट २०२३ ची, ड्युरँड कप. ईस्ट बंगाल साडेचार वर्षं डर्बी जिंकलेलं नव्हतं, काका तर फर्स्ट हाफभर बोललेच नाहीत, नुसते तिकिटाच्या कागदाची घडी घालत आणि उलगडत होते. तासाभराचा खेळ झाला असेल, ईस्ट बंगालचा नंदकुमार उजवीकडून आत घुसला आणि डाव्या पायानं बॉल लांबच्या कोपऱ्यात वळवला. पुढचं काही सलग आठवत नाही. मारबतीच्या दिवशी "घेऊन जा गे मारबत"चा जो कल्ला उठतो ना, तो छताखाली कोंडला तर कसा होईल, तसं. काका माझ्या गळ्यात, तिकीट चार तुकडे. १-० नं संपली.

रविवारी सकाळी काका पिशवी घेऊन बाजारात, म्हटलं चला मी पण येतो. इलिशचा भाव ऐकून मला वाटलं परत फिरतील, त्यांनी घासाघीस सुद्धा केली नाही. मोहरी घालून केलेला तो मासा खाताना काटे जपून काढा एवढंच सांगतो, आपल्याला सावजी मटणाची सवय, आपण घाईत घास मारतो आणि मग भाताचे गोळे गिळत बसतो.

३ सप्टेंबरला त्याच दोन टीम्स फायनलला. मी नागपुरातच, टीव्हीवर पाहिली. मोहन बागान दहा जणांवर आलं तरी पेत्रातोसनं गोल मारून १-० नेली. संध्याकाळी काकांना फोन लावला, काकीमांनी उचलला, म्हणाल्या झोपलेत. सात वाजले होते.