वॉटरकलर कागदावर घरी फोटो छापताय? कोकणात या चुका टाळा

चिऱ्याचा गडगा, त्यावरचं शेवाळ आणि मागे माड. असा फोटो खरबरीत वॉटरकलर कागदावर उतरला की चित्रासारखा दिसतो. पण जून ते सप्टेंबरात आपल्याकडे तो बिघडतो तो बहुतेक वेळा कागदातल्या ओलीमुळे.

कागद उघडा ठेवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मागच्या जुलैत रत्नागिरीला मी चार कागद रात्रभर टेबलावर ठेवले. सकाळी कडा होडीसारख्या वर आल्या होत्या. तसाच एक प्रिंटरमध्ये घातला, तर शाई सोडणारं हेड कडेला घासलं आणि आकाशभर काळे फराटे उमटले. तेव्हापासून पाकीट सिलिका जेलच्या पुड्यांसकट हवाबंद डब्यात असतं, आणि छापायच्या वेळी एकच कागद बाहेर निघतो. कड वळलीच तर कागद उलट्या बाजूने पुठ्ठ्याच्या नळीवर हलकेच गुंडाळा, मग थोडा वेळ सपाट पाटाखाली दाबून ठेवा. सेटिंगमध्ये जाड कागदाचा पर्याय निवडा, कागद मागच्या फीडमधून एकेक घाला आणि चारी बाजूंना दोन-अडीच सेंटीमीटर समास सोडा. बॉर्डरलेस नकोच, कारण हेड घासतं ते कडेलाच.

दुसरी चूक कागद घेतानाच होते. चित्रकलेच्या दुकानातला वॉटरकलर कागद सुंदर असतो, पण त्यावर इंकजेट प्रिंटरची शाई धरून ठेवणारा लेप नसतो. शाई तंतूंत पसरते आणि काळा रंग राखाडी होतो. पाकिटावर ‘इंकजेट’ लिहिलेला, १९० ते ३१० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) कागद घ्या. लेपाची बाजू ओळखायची तर ओलसर बोट कोपऱ्याला लावा, ते किंचित चिकटेल ती बाजू. छापण्याआधी मऊ ब्रशने धूळ झटका, नाहीतर शाईखालचा तंतू नंतर गळतो आणि पांढरा ठिपका राहतो.

लेझर प्रिंटर इथे उपयोगाचा नाही. खळग्यांत टोनर नीट बसत नाही.

फोटो मोबाइलवर दिसतो त्यापेक्षा काळवंडला, तर कागदाला दोष देऊ नका. मॅट कागदावर काळा तितका गडद होत नाही आणि सावल्यांतले बारकावे एकमेकांत मिसळतात. फाइलमधल्या सावल्या थोड्या उजळा, कागदाचा प्रकार ‘मॅट’ किंवा ‘फाइन आर्ट’ निवडा, कागद बनवणाऱ्याचं आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग नीट उतरावेत म्हणून दिलेली फाइल) मिळत असेल तर तेच वापरा. ग्लॉसी सेटिंग ठेवलं तर शाईचं प्रमाण या कागदाला जुळत नाही. लहान चेहऱ्यांचे समूहफोटो मात्र या कागदावर छापू नयेत असं माझं ठाम मत आहे. पोतात डोळे हरवतात.

छापून झाल्यावर लगेच फ्रेम करू नका. एरवी २४ तास पुरतात, पावसाळ्यात मी तीन दिवस पंख्याखाली सपाट ठेवते. डाय शाई (विरघळलेल्या रंगाची) असेल तर जास्तच जपा, दमट हवेत ती फुटते. पिगमेंट शाई (बारीक रंगकणांची) बरीच टिकते. काच फोटोला टेकू नये म्हणून मधे माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, घाला, आणि फ्रेम पावसाचा मारा लागणाऱ्या भिंतीवर न लावता आतल्या भिंतीवर लावा. ओल धरलेल्या भिंतीवर मागच्या पुठ्ठ्याला बुरशी धरते, आणि तिथून ती फोटोपर्यंत येते.