पिकअपचं डिफरन्शियल ऑइल घरीच कसं चेक करायचं आणि बदलायचं

इंजिन ऑइल सगळे वेळेवर बदलतात, पण मागच्या एक्सलच्या मधोमध जो गोळा दिसतो, म्हणजे डिफरन्शियल, त्यातही ऑइल असतं हे बऱ्याच जणांना क्राऊन-पिनियनचा, म्हणजे आतल्या गिअरांच्या जोडीचा, आवाज यायला लागल्यावरच आठवतं. माझी पिकअप कांदा भरून लासलगावहून वाशी मार्केटला जाते, कसारा घाटात गाडी इंजिनवर रोखून उतरवताना सगळा जोर त्याच गिअरांवर येतो, त्यामुळे हे काम मी दुसऱ्यावर सोडत नाही. एकदा सोडलं होतं, बिलात पूर्ण ऑइल लावलं आणि नंतर मी प्लग खोलून बघितला तर आत जुनंच काळं ऑइल, वरून थोडं टॉपअप केलेलं.

आधी गाडी पाचदहा किलोमीटर फिरवून आणा, कोमट झालं की ऑइल पातळ होतं आणि तळाचा गाळ सोबत घेऊन बाहेर येतं. मग सपाट जागेवर लावा, हँडब्रेक, गिअरमध्ये टाका आणि पुढच्या चाकांना दोन्हीकडून उटी (दगड किंवा लाकडाचा ठोकळा) लावा. मागून जॅक लावू नका, गाडी तिरकी झाली की लेव्हल चुकते आणि पिकअपखाली तसंही झोपून हात पोचतो.

आता कळीची गोष्ट, आधी वरचा फिलर प्लग (ऑइल भरायच्या भोकाचं बूच) खोला, खालच्या ड्रेन प्लगला (ऑइल काढायचं बूच) नंतर हात लावा. वरचा गंजून बसलेला असेल आणि खालून सगळं ऑइल काढून टाकलं असेल तर भरणार कुठून? गाडी तिथंच अडकली. प्लगभोवतीची माती आधी ब्रशनं साफ करा, नाहीतर ती सरळ आत जाते. कडक असेल तर गंज सोडवायचा स्प्रे मारून थोडा वेळ थांबा, आणि बरोबर मापाचाच पाना लावा, ढिला पाना लावून डोकं गोल केलं की काम तिप्पट वाढतं.

फक्त चेक करायचं असेल तर बोट आत घाला. ऑइल भोकाच्या खालच्या काठाला लागलं पाहिजे, बोट वाकवून खाली शोधावं लागलं तर कमी आहे. कमी असेल तर ते गेलं कुठं ते बघा, पुढून शाफ्ट जिथं गोळ्यात शिरतो तिथल्या पिनियनच्या सीलजवळ ओलं आहे का, मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला ऑइलचे ओघळ आहेत का. चाकाकडं ओघळ दिसले तर ऑइल ब्रेक ड्रममध्ये गेलेलं असू शकतं, तशी गाडी भरून घाटात नेऊ नका, आधी सील बदला.

बदलायचं असेल तर खाली घमेलं ठेवून ड्रेन प्लग काढा आणि पूर्ण निथळू द्या, अर्धा तास गेला तरी चालेल. तोवर निघालेलं ऑइल नीट बघा. प्लगला चुंबक असेल तर त्यावर बोटानं चोळल्यावर लोण्यासारखा मऊ लागणारा करडा लगदा असणारच, ती नेहमीची झीज. पण नखाला टोचणारा तुकडा किंवा दाताची कपची सापडली तर नवीन ऑइल ओतून गप्प बसू नका, हाउसिंग, म्हणजे तो गोळाच, खोलून घ्या. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. पावसाळ्यात नाल्यातून गाडी काढली की तापलेला एक्सल एकदम गार होतो आणि ब्रीदरमधून (आतली हवा ये-जा करायचं छोटं तोंड) नाहीतर सीलमधून पाणी आत ओढतो. म्हणून हाउसिंगवरचा तो छोटा ब्रीदर पण साफ करा, तो मातीनं बंद झाला की आत प्रेशर वाढतं आणि ऑइल सीलमधून बाहेर पडतं.

ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच, जाडीचा ग्रेड कुठे ८०डब्ल्यू-९० तर कुठे ८५डब्ल्यू-१४०, आणि डब्यावर जीएल-५ हा गिअर ऑइलचा दर्जा लिहिलेला असतो, जीएल-४ मागच्या एक्सलला नको. लिटर पण मॅन्युअलमध्ये बघूनच आणा. ड्रेन प्लगला नवीन वॉशर टाकून घट्ट करा, मग हातपंपानं भरा, पंप नसेल तर फनेलला लांब नळी लावून एकानं वरून ओतायचं आणि एकानं खाली नळी धरायची. ऑइल जाड असतं, हळूच उतरतं, घाई केली की सगळं अंगावर. भोकातून बाहेर यायला लागलं की थांबा, थेंब बंद झाले की फिलर प्लग लावा, एक चक्कर मारून या आणि दोन्ही प्लग कोरड्या चिंधीनं पुसून बघा.

जुनं ऑइल कॅनमध्ये भरून वापरलेलं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला द्या, विहिरीजवळ किंवा बांधावर अजिबात ओतू नका. आणि किलोमीटरचा आकडा तारखेसकट दाराच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवा.