पेंढ्यावरची अळंबी कळीतच काढावी

गोव्यात वायंगण (रब्बी हंगामातल्या) भाताच्या कापणीनंतर उरणारा स्वच्छ, न कुजलेला पेंढा आणि पाठोपाठ येणारा उकाडा पेंढ्यावरच्या अळंबीला फार मानवतो, कारण तिच्या बुरशीचे तंतू ३० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात जोमाने वाढतात. रात्रभर भिजवून निथळलेल्या पेंढ्याच्या थरांत बियाणे पेरून वाफा प्लॅस्टिकने झाकला, की साधारण दोन आठवड्यांत कळ्या दिसू लागतात. खरी दक्षता इथून पुढे हवी. कळी पातळ आवरणात लहान अंड्यासारखी बंद असतानाच हलकेच पिरगाळून काढावी. आवरण फाटून छत्री उघडायला काही तास पुरतात आणि मग चव व भाव दोन्ही उतरतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ पाहणी मला अत्यावश्यक वाटते. काढलेली अळंबी फ्रिजमध्ये मात्र ठेवू नये, कारण ४ अंशांच्या थंडीत ती पाणी सोडून लिबलिबीत होते; त्याच दिवशी शिजवावी किंवा सुकवावी. रानात दिसणाऱ्या तशाच अंडाकृती कळ्या कधीही खाऊ नयेत, कारण काही जीवघेण्या विषारी अळंब्याही कोवळेपणी अशाच आवरणात असतात.