जुना लॅपटॉप दुरुस्त करायचा की रिफर्बिश्ड (वापरलेला, ठीकठाक करून परत विकायला ठेवलेला) घ्यायचा? या चुका टाळा

कोल्हापुरात राजारामपुरीत लॅपटॉप दुरुस्तीला घेऊन जायच्या आधी घरीच एक काम करा, प्रोसेसरचा नंबर बघा. लोक लॅपटॉपला किती वर्षं झाली तेवढंच धरून बसतात, पण खरा विषय प्रोसेसरच्या जनरेशनचा, म्हणजे पिढीचा आहे. इंटेलचा आय५ ७२००यू म्हणजे सातवी, ८२५०यू म्हणजे आठवी. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी किंवा पुढची जनरेशन लागते, आणि विंडोज १० चा रेग्युलर सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळं सातव्या किंवा त्याआधीच्या जनरेशनच्या मशीनवर मदरबोर्डचा खर्च करायचा म्हणजे पैसे पंचगंगेत सोडल्यासारखं.

उलट चूक पण लई जण करतात, नुसता स्लो झालाय म्हणून चांगला आठवी-दहावी जनरेशनचा लॅपटॉप भंगारात काढतात. आत जुनी हार्डडिस्क असंल तर एसएसडी (जास्त वेगाची डिस्क) टाका, रॅम ४ जीबी असंल तर ८ करा (काही मॉडेलमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर असते, आधी विचारून घ्या), मशीन पळायला लागतं. बॅटरी, कीबोर्ड, बिजागरी हे पण दुरुस्तीचंच काम. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला तर बॅटरी फुगलेली असू शकते, चार्जिंगला लावू नका, लगेच दुकानात नेऊन काढून घ्या.

पाणी गेलेल्या बोर्डाचं मात्र जपून. पुरात भिजलेलं असो नाहीतर चहा सांडलेला, साफ करून चालू होतं पण आत गंज धरला असंल तर काही महिन्यांनी परत बंद पडू शकतं. अशा कामाला वॉरंटी किती ते लिहून घेतल्याशिवाय हो म्हणू नका.

आता रिफर्बिश्ड. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक असले कंपन्यांच्या ऑफिसात वापरून निघालेले लॅपटॉप मजबूत असतात, पण बाहेरून चकाचक बघून भुलू नका भावा. दुकानातच बायोस (विंडोज सुरू व्हायच्या आधीचं सेटिंग) उघडून बघा, पासवर्ड मागितला तर सरळ परत ठेवा. मग दुकानदाराला विंडोज रिसेट करायला लावा आणि सेटअपच्या वेळी आपल्या मोबाईलचं हॉटस्पॉट जोडा. मशीन जुन्या कंपनीच्या खात्यात अजून अडकलेलं असंल तर स्क्रीनवर त्या कंपनीचं लॉगिन येतं. नेट न जोडता सेटअप केलं तर हे कळतच नाही, घरी आल्यावर डोक्याला ताप होतो. नेट बंद आहे, उद्या दाखवतो म्हणाला तर उद्याच पैसे द्या.

बॅटरी रिपोर्ट पण काढायला सांगा, मूळ क्षमतेच्या निम्मीच उरली असंल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातनं कमी करून घ्या. आणि बिलावर सिरियल नंबर पाहिजेच, नुसत्या व्हिजिटिंग कार्डावर लिहिलेली वॉरंटी चालत नाही.