कुर्द बंडखोरी आणि मित्रदेशांची गुप्तवार्ता : लिहिताना या चुका टाळा

तुर्कस्तान आणि अमेरिका यांच्यात पीकेके (कुर्दिस्तान कामगार पक्ष, तुर्कस्तानशी लढलेली कुर्द बंडखोर संघटना) हिच्याविरुद्ध गुप्तवार्तेची जी देवाणघेवाण झाली, तिच्यावर मराठीत हल्ली बरंच लिहिलं जातं. स्पर्धा परीक्षेच्या मुलांच्या नोंदी असोत किंवा छापायला आलेले लेख असोत, तपासायला घेतले की पहिल्या पानावरच त्याच त्या चुका दिसतात. चाळीस वर्षं चाललेल्या आणि चाळीस हजारांवर बळी घेतलेल्या संघर्षावर आपण लिहितोय, याचं भान ठेवलं तर यातल्या निम्म्या चुका होणारच नाहीत.

नाटोत आहेत, म्हणजे सगळी माहिती मिळतच असणार

हे गृहीतक डोक्यातून काढून टाका. नाटोचं सदस्यत्व कुणालाही आपली गुप्त माहिती दुसऱ्यापुढे मांडायला भाग पाडत नाही. ही देवाणघेवाण बहुतेक वेळा दोन देशांमध्ये, ठरावीक विषयापुरती आणि राजकारणाच्या हवामानाप्रमाणे चालते. शिवाय, दुसऱ्याकडून आलेली माहिती त्याला विचारल्याशिवाय तिसऱ्याला द्यायची नाही, हा या व्यवहारातला जुना दंडक आहे.

तारखा पाहा. १ मार्च २००३ रोजी तुर्की संसदेने अमेरिकी सैन्याला आपल्या भूमीवरून इराकमध्ये जाऊ देण्याचा ठराव नामंजूर केला. त्याच वर्षी ४ जुलैला उत्तर इराकमधल्या सुलेमानियात अमेरिकी सैनिकांनी तुर्की कमांडोंना पकडलं आणि त्यांच्या डोक्यावर पिशव्या चढवल्या. तुर्कस्तानात तो अपमान आजही कुणी विसरलेलं नाही. पीकेकेचे तळ अमेरिकेच्या ताब्यातल्या इराकमध्ये होते आणि तुर्की सरकार तक्रारी करून थकलं होतं. २००६ मध्ये दोन्ही बाजूंनी खास प्रतिनिधी नेमले, पण त्यातून फारसं काही निघालं नाही.

मग २१ ऑक्टोबर २००७ रोजी इराक सीमेजवळच्या दाग्लिजा इथे पीकेकेच्या हल्ल्यात १२ तुर्की सैनिक मारले गेले आणि ८ पकडले गेले. तुर्की फौज सीमा ओलांडणार हे दिसू लागल्यावर ५ नोव्हेंबरला वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बुश आणि तुर्कस्तानचे पंतप्रधान एर्दोगान भेटले. ताबडतोब उपयोगी पडेल अशी माहिती देण्याचं आश्वासन तिथे मिळालं. १६ डिसेंबरला तुर्की विमानांनी इराकमधल्या कंदील डोंगरावर, पीकेकेच्या तळांवर, बाँब टाकले आणि फेब्रुवारी २००८ मध्ये जमिनीवरचं सैन्य आत गेलं. अमेरिकेची टेहळणी ड्रोनं इराकमधून उडत होती. २०११ च्या अखेरीस अमेरिकी सैन्य इराकमधून निघालं तेव्हा ती तुर्कस्तानातल्या इंजिर्लिक तळावर आणली गेली. पुढे ऑक्टोबर २०१९ मध्ये तुर्कस्तानने ईशान्य सीरियात सैन्य घुसवलं आणि अमेरिकेने हा ड्रोन कार्यक्रम थांबवला. जगाला ते कळलं फेब्रुवारी २०२० मध्ये.

म्हणजे ही सोय संकटातून जन्मली, अटींवर चालली आणि भांडणात बंद पडली. लेखात ‘अमेरिका तुर्कस्तानला माहिती पुरवते’ असं वाक्य दिसलं की मी समासात एकच प्रश्न लिहिते: कोणत्या वर्षी?

पाहिलं, ओळखलं, ठरवलं, मारलं : या चार क्रिया एकात कोंबू नका

या चुकीचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो, म्हणून तिच्यावर सविस्तर लिहिते.

२८ डिसेंबर २०११ ची रात्र. शिर्नाक प्रांतातल्या उलुदेरे तालुक्यात ओर्तासू नावाचं गाव आहे, कुर्द लोक त्याला रोबोस्की म्हणतात. तिथले गावकरी इराकच्या बाजूने खेचरांवर डिझेल आणि सिगारेटी लादून परतत होते. त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या हाच धंदा चालतो. तुर्की एफ-१६ विमानांनी त्यांच्यावर बाँब टाकले. ३४ जण मेले. त्यातले निम्म्याच्या आसपास अठरा वर्षांखालचे होते आणि बरेचसे एकाच कुळातले. पहाटे गावकऱ्यांनी आपल्या मुलांची प्रेतं चादरींत गुंडाळून खाली आणली.

या घटनेवर एका तरुण लेखकाने लेख पाठवला होता. शीर्षकाखालीच वाक्य होतं: ‘अमेरिकेने दिलेल्या चुकीच्या माहितीमुळे तुर्कस्तानने ३४ तस्करांना ठार केलं.’ मी त्याला विचारलं, माहिती चुकीची होती हे कशावरून? त्याने एका व्हिडिओचा दुवा पाठवला. मी म्हटलं, मूळ बातमी वाच, तुर्की सैन्याचं म्हणणं वाच, मग बोलू. त्याला घाई होती, घटनेच्या वर्षदिनालाच लेख यायला हवा होता. मी थांबायला सांगितल्यावर त्याने तो दुसरीकडे दिला. नंतर तेच वाक्य जसंच्या तसं उचललेले लेख माझ्याकडे तपासायला आले, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपल्याकडे भक्कम आधार आहे.

मी अशा वेळी वहीत चार रकाने आखते: कोणी पाहिलं, कोणी ओळखलं, कोणी ठरवलं, कोणी मारलं. उलुदेरेचे रकाने भरून पाहा.

कोणी पाहिलं? मे २०१२ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने बातमी दिली की खेचरांचा तो तांडा प्रथम अमेरिकी प्रिडेटर ड्रोनने टिपला आणि तुर्कांना कळवलं. त्यानंतर तुर्की अधिकाऱ्यांनी ते ड्रोन दुसरीकडे न्यायला सांगितलं. तुर्की सैन्याने हे नाकारलं. पहिली दृश्यं आपल्याच ड्रोनची होती, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे हा पहिलाच रकाना वादाचा आहे आणि तो तसाच, दोन्ही दावे घालून लिहायचा.

कोणी ओळखलं? वरून दिसणाऱ्या उष्णतेच्या चित्रात माणसं आणि जनावरं पांढऱ्या ठिपक्यांसारखी दिसतात. पाठीवर डिझेलचा कॅन आहे की दारूगोळा, ते त्यावरून ठरत नाही. ते सांगू शकला असता तो गावचा माणूस किंवा ती वाट ठाऊक असलेला स्थानिक जवान. हा रकाना रिकामा राहिला, आणि माझ्या मते खरा गुन्हा याच रकान्यात आहे.

कोणी ठरवलं आणि कोणी मारलं? तुर्की सैन्याने, तुर्की विमानांनी. यावर वाद नाही. तरी जानेवारी २०१४ मध्ये लष्करी वकिलांनी ‘अटळ चूक’ म्हणून प्रकरण मिटवलं, आणि कुणावरही खटला उभा राहिला नाही. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०१८ मध्ये अर्ज दाखल करून घ्यायलाच नकार दिला. कारण तांत्रिक होतं: देशातली कायदेशीर वाट नीट पूर्ण केली गेली नव्हती.

सगळा दोष ‘चुकीच्या माहिती’वर टाकला की तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यातली माणसं सुटतात. घाईने लिहिणाऱ्याला आपण नकळत कुणाची बाजू घेतोय, हे कळतही नाही.

ओजलान आणि मोसाद

पीकेकेचा नेता अब्दुल्ला ओजलान १५ फेब्रुवारी १९९९ रोजी नैरोबीत पकडला गेला. तो ग्रीक राजदूताच्या घरी लपला होता, खिशात सायप्रसचा पासपोर्ट होता. विमानतळाकडे नेताना त्याला तुर्की पथकाच्या हवाली केलं गेलं. माग काढायला अमेरिकेची मदत झाली, हे त्या काळच्या वृत्तांतून पुढे आलं. ‘मोसादने (इस्रायलच्या गुप्तहेर संस्थेने) पकडून दिलं’ ही मात्र तेव्हा उठलेली आवई. इस्रायलने ती ठामपणे फेटाळली, पण तोवर बर्लिनमधल्या इस्रायली वाणिज्य दूतावासात कुर्द निदर्शक घुसले होते आणि पहारेकऱ्यांच्या गोळीबारात काहींचा जीव गेला. पंचवीस वर्षांनंतरही ती आवई खरी घटना म्हणून आपल्या लेखांत येते. मोसादचं नाव घातलं की लेख खपतो, एवढ्यासाठी ते घालू नका.

छोट्या, पण रोजच्या

कुर्द म्हणजे पीकेके नव्हे. पीकेकेशी लढणारे सरकारी ग्रामरक्षकही कुर्दच होते, आणि इराकमधल्या कुर्दांचं नेतृत्व करणाऱ्या बार्झानींचं तुर्कस्तानशी चांगलं सूत आहे.

कंदील डोंगर तुर्की सीमेला चिकटून नाही. तो इराक-इराण सीमेवर आहे. नकाशा उघडा.

इस्रायली हेरॉन, अमेरिकी प्रिडेटर आणि तुर्की बायरक्तार ही तीन वेगळी ड्रोनं, तीन वेगळ्या टप्प्यांतली. नुसतं ‘ड्रोन’ लिहून भागत नाही.

‘इतके अतिरेकी ठार’ हा आकडा कोणाचा, हे न सांगता छापू नका.

वायपीजीचा गुंता टाळून पुढे जाणं

हा भाग अवघड आहे म्हणून बरेच जण तो गाळतात, आणि मग २०१९ मध्ये माहिती का थांबली हे त्यांना सांगताच येत नाही. आयसिसविरुद्ध अमेरिकेने सीरियातल्या वायपीजी या कुर्द सशस्त्र संघटनेला हाताशी धरलं. तुर्कस्तानच्या लेखी वायपीजी म्हणजे पीकेकेच. अमेरिका दोघांत फरक करत राहिली: नोव्हेंबर २०१८ मध्ये तिने पीकेकेच्या तीन नेत्यांवर बक्षीस लावलं, मुरात कारायिलानवर ५० लाख डॉलर, जमील बायिकवर ४० लाख, दुरान काल्कानवर ३० लाख. त्याच वेळी तिचे सैनिक वायपीजीसोबत सीरियात होते. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी तर अमेरिकी एफ-१६ ने सीरियात तुर्कस्तानचं सशस्त्र ड्रोन पाडलं. शत्रू कोण यावरच एकमत नसेल तर माहिती किती आणि कशी वाटली जाणार? हा प्रश्न लेखात सुरुवातीलाच घ्या, शेवटच्या परिच्छेदात उरकू नका.

आणि काळ तपासा. २७ फेब्रुवारी २०२५ रोजी ओजलानने तुरुंगातून शस्त्रं खाली ठेवण्याची हाक दिली. १२ मे रोजी पीकेकेने संघटना विसर्जित करत असल्याचं जाहीर केलं आणि ११ जुलैला सुलेमानियाजवळ तीस जणांनी आपल्या बंदुका जाळल्या. त्यानंतर लिहिलेल्या लेखातही ‘पीकेके हल्ले करत आहे’ असं वर्तमानकाळात येतं. लेख पाठवण्याआधी निदान क्रियापदं एकदा वाचून काढा.