जुन्या मराठी पानांसाठी टेसरॅक्ट सोर्सवरून कसं बसवायचं

आपल्या इंदूरला रामबागेकडे कितीतरी घरात जुन्या मराठी मासिकांचे नि स्मरणिकांचे गठ्ठे पडलेत, लोक हौसेने स्कॅन करतात पण नुसत्या फोटोत शोधणार काय, म्हणून टेसरॅक्ट, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर करून देणारा प्रोग्राम. उबुंटू २४.०४ असेल तर उगाच कुटाणे करू नका, ॲप्टमधूनच (उबुंटूचं सॉफ्टवेअर बसवायचं साधन) ५.३ मिळतं. २२.०४ वर मात्र ४.१ च येतं, ५ हवं तर सोर्स, म्हणजे मूळ कोड, घेऊन स्वतः बिल्ड करा.

आधी ॲप्टवालं काढून टाका, नाहीतर दोन्ही राहतात आणि चालतंय कुठलं तेच कळत नाही. मग ऑटोमेक, लिबटूल, जी-प्लस-प्लस, मेक, गिट, पीकेजी-कॉन्फिग आणि लिबलेप्टोनिका-डेव्ह टाका. त्यातलं शेवटचं 'डेव्ह' महत्त्वाचं, लेप्टोनिका (टेसरॅक्टला लागणारी चित्रांची लायब्ररी) मशीनवर असली तरी हेडर फाइली त्या डेव्ह पॅकेजातच असतात, त्या नसल्या की कॉन्फिगर अडून बसतं. पॅन्गो, कैरो वगैरे ट्रेनिंगच्या टूल्सना लागतात, नुसतं वाचायचंय तर सोडा.

गिटहबवरून टेसरॅक्टचा कोड क्लोन केला (उतरवला) की मेन ब्रांचवर बसू नका, ५.३.४ सारखा रिलीजचा टॅग चेकआउट करा. मग त्याच फोल्डरमध्ये आधी ऑटोजेन, मग कॉन्फिगर, मग मेक. मेकला जे ४ (एका वेळी चार कामं) देता येतं, पण रॅम चारच जीबी असेल तर जे २ बस झालं, नाहीतर मशीन लटकतं. मग सुडो लावून मेक इन्स्टॉल आणि लगेच सुडो एलडीकॉन्फिग. हे राहिलं की सगळं नीट होऊनही 'लिबटेसरॅक्ट डॉट एसओ डॉट ५ उघडत नाही' असा एरर येतो आणि माणूस पुन्हा पहिल्यापासून बिल्ड करत बसतो, कशाला, यूजर-लोकलमध्ये नवीन लायब्ररी आलीय एवढंच सिस्टिमला कळवायचं असतं.

आता भाषा. मेक इन्स्टॉल भाषेच्या फाइली आणतच नाही हो! गिटहबवरच्या टेसडेटा-बेस्टमधून एमएआर डॉट ट्रेन्डडेटा (मराठीची फाइल) उतरवा आणि यूजर-लोकल-शेअर-टेसडेटामध्ये ठेवा. आपल्याकडच्या स्मरणिकांत मधेच हिंदी जाहिराती असतातच, तर एचआयएन (हिंदीची) पण घ्या आणि चालवताना भाषा एमएआर प्लस एचआयएन द्या. स्कॅन ३०० डीपीआयचा असू द्या, मोबाइलचा तिरका फोटो नको. आणि दोन कॉलमचं पान असेल तर पीएसएम (पानाची मांडणी कशी धरायची तो पर्याय) ६ लावू नका, तो सगळं पान एकच ब्लॉक धरतो नि डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीत घुसते, डिफॉल्ट ३ च राहू द्या.