ओढ्याकाठची झाडं कशी ओळखायची

ओढ्याकाठी झाड ओळखायला गेलेला माणूस आधी खाली वाकतो, पडलेलं फळ उचलतो आणि तिथेच फसतो. करंजाच्या शेंगा आणि निवराची फळं पाण्यावर तरंगतात. पुरात लांबून वाहत येतात आणि भलत्याच झाडाच्या मुळांत अडकून बसतात. पालापाचोळ्याचंही तेच. म्हणून पाण्याकाठचा पहिला नियम हा की फांदीला लागलेलं असेल तेच त्या झाडाचं धरायचं.

जायला चांगला काळ फेब्रुवारी ते मे. पाणी उतरलेलं असतं, मुळं उघडी पडलेली असतात आणि बरीच झाडं फुलाफळांवर असतात. 10 पट मोठं दाखवणारं भिंग, मोजपट्टी, वही आणि उंच फांद्यांसाठी दुर्बीण एवढं पुरतं. धरणाखालच्या नदीपात्रात उतरायचं असेल तर पाणी सोडण्याची वेळ गावात विचारून घ्या. सांगली भागात कृष्णेत मगरी आहेत, तिथे पाण्याच्या अगदी कडेला पाठ करून उभं राहू नका.

झाडाला हात लावण्याआधी ते कुठे उभं आहे ते लिहा. फांद्यांत अडकलेल्या चिंध्या-काटक्यांवरून पुराची उंची कळते. पात्रातल्या खडकांत, दरवर्षी पाण्याखाली जाणारं लवचीक झुडूप बहुतेक वेळा शेरणी असतं. काठावर वाळुंज, करंज, जांभूळ, उंबर आणि अर्जुन येतात. मात्र अर्जुन, करंज आणि तामण रस्त्याकडेलाही भरपूर लावलेले असतात, तेव्हा नुसत्या जागेवरून नाव ठरवू नका.

मग पाच फोटो: पूर्ण झाड, बुंध्याचा तळ, छातीच्या उंचीवरची साल, डहाळीसकट पान दोन्ही बाजूंनी, आणि फूल किंवा फळ. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे डहाळीवरच दिसतं. तुटलेल्या पानावरून कधीच कळत नाही. पान साधं की संयुक्त (म्हणजे एका देठावर अनेक छोट्या पानांचं, या छोट्या पानांना पर्णिका म्हणतात) अशी शंका आली तर देठाच्या बेचक्यात कोंबाचा डोळा शोधा. डोळा असेल तिथून पान सुरू होतं, पर्णिकेच्या बेचक्यात तो नसतो. बुंध्यातून फुटलेल्या धुमाऱ्यांची पानं मापाला घेऊ नका, ती नेहमीच्या पानांहून बरीच मोठी असतात.

सगळ्यात जास्त घोळ अर्जुन आणि ऐनात होतो, आणि नावंही त्यात भर घालतात: अर्जुनाला अर्जुनसादडा म्हणतात, तर ऐनाला नुसतं सादडा. सालीवर हा प्रश्न पन्नास पावलांवरूनच सुटतो. अर्जुनाची साल गुळगुळीत, फिकट राखाडी, मोठ्या पातळ पापुद्र्यांनी सुटणारी. पापुद्रा निघालेल्या जागी गुलाबी-हिरवट झाक दिसते. ऐनाची साल काळपट आणि मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली. दोघांच्याही फळाला पाच पंख. अर्जुनाचे पंख अरुंद, जाड आणि त्यांवरच्या शिरा वरच्या बाजूला वळलेल्या. ऐनाचे रुंद, पातळ, शिरा सरळ कडेपर्यंत गेलेल्या. फळ उजेडासमोर धरून बघितलं की हा फरक स्वच्छ दिसतो. ऐन मुळात डोंगरउताराचा, पण ओढ्याच्या वरच्या काठापर्यंत उतरतो, म्हणून दोन्ही शेजारी भेटतात.

दुसरा घोळ अरुंद पानांचा. वाळुंजाची पानं एकाआड एक, कडेला बारीक दाते, खालून पांढुरकी. हिवाळ्यात उंदराच्या शेपटीसारखे मऊ तुरे येतात आणि बिया कापूस घेऊन उडतात. ओढ्यातल्या खडकांत वाढणाऱ्या बारीक पानांच्या जांभळाची पानं समोरासमोर असतात, कड बिनदात्यांची असते, आणि चुरगाळलं की जांभळाचा वास येतो. शेरणीची पानंही एकाआड एकच, पण ती कमरेएवढी-डोक्याएवढी झुडपं, झाड नव्हे.

करंज सोपा: चकचकीत संयुक्त पान, 5 ते 9 पर्णिका, टोकाला एकटी पर्णिका, आणि चपटी, टोकाला चोच असलेली, बहुधा एकच बी असलेली शेंग. पानांवर बोटांसारख्या उभ्या गाठी उठलेल्या असल्या तर घाबरू नका, करंजावर त्या नेहमीच्याच. उंबराची फळं थेट खोडावर घोसांनी लागतात. तामण फुलात असताना कोणीही ओळखेल. फुलं नसतील तर झाडावर टिकून राहिलेली, पाच-सहा फाकांत उकललेली लाकडी बोंडं शोधा.

निवराची पानं डहाळीच्या टोकाशी दाटीने येतात, गळण्याआधी लाल होतात. लाल फुलांच्या लांब माळा खाली लोंबतात. फुलं रात्री उमलतात आणि सकाळी झाडाखाली गालिचा पडतो, म्हणून लवकर पोचा. फळ चारधारी. याच झाडाला काही ठिकाणी तिवर म्हणतात, आणि कोकणात तिवर म्हणजे खाडीतली खारफुटी. स्थानिक नाव जरूर लिहा, पण त्यावर ओळख ठरवू नका.

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे आणि गोव्यात सत्तरीतल्या निरंकाराच्या राईत रानजायफळाची दलदल आहे. वर्षभर ओल असलेली जमीन, बुंध्याला टेकूसारखी मुळं आणि चिखलातून वर आलेली, गुडघ्यासारखी वाकलेली मुळं दिसली की ओळख जवळजवळ पक्की. सालीला खाच दिली तर तांबडा रस येतो, पण ही परीक्षा करू नका. फार थोडी झाडं उरली आहेत. जुन्या ओरखड्यावर वाळलेला तांबडा ओघळ शोधला तरी काम होतं. आणि चालताना त्या गुडघ्यांवर पाय देऊ नका, पाण्याने भरलेल्या चिखलात झाडाला हवा तिथूनच मिळते.